सात रस्त्याजवळचं मुलांचं काउन्सेलिंग सेंटर : आत एक नंबर, बाहेर सगळा गोंधळ

रेटिंग आधीच सांगतो, पाचपैकी साडेतीन. आतल्या मॅडमना पाच आणि बाहेरच्या काउंटरला दोन, असा हिशोब. सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, सात रस्त्याच्या आसपास आहे एवढं बास, कारण सोलापूर ते केवढं, नाव टाकलं की कुणाची पोरगी तिथं जाते हे संध्याकाळपर्यंत सगळ्या साखर पेठेत माहीत.

लेक आठ वर्षांची. माझे सासरे, म्हणजे तिचे ताता, तिला स्कूटीवरनं घेऊन चालले होते आणि मागनं डंपर आला. शहरातनं जड गाड्या कशा पळतात ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ताता जागेवर गेले, हिला कोपराला खरचटलं. एक्सरे नॉर्मल आला, सगळे म्हणले सिद्धरामेश्वरांची कृपा, पोरगी वाचली.

पण पुढं जे सुरू झालं ते एक्सरेत दिसणारं नव्हतं. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे कधीचं बंद झालेलं. ट्रकचा हॉर्न वाजला की टेबलाखाली. शाळेतनं बाईंचा फोन, लक्ष नाही, वहीचे कोपरे चावते. आणि खेळ एकच, एक निळा ट्रक आणि एक छोटी मोटरसायकल, धडकवायची, उचलायची, परत धडकवायची, तोंडानं आवाज नाही, चेहऱ्यावर काही नाही, तासभर तेच. आमच्या आईनं दृष्ट काढली, अक्कलकोटला नेऊन आणलं आणि वर म्हणाली, 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे रस्त्यावर झोपलो, तेव्हा कोण नेलं होतं आम्हाला काउन्सेलिंगला? यावर आता काय बोलणार.

मधे एका डॉक्टरांकडं गेल्तो, नाव नको, त्यांनी पाच मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली, पोरीकडं बघितलं पण नाही नीट. आमच्या मेडिकलवाल्या मित्रानं चिठ्ठी बघून विचारलं, हे आठ वर्षांच्या पोरीला? नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय, असा मोठा धक्का बसल्यावर पहिल्या महिन्यात मुलांना बेन्झोडायझेपिन गटातल्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या, गोळ्या झोपेसाठी म्हणून देऊ नयेत. गोळी आम्ही सुरूच केली नाही.

आता सेंटरचं. पहिल्या वेळी मॅडमनी पोरीला बोलावलंच नाही, फक्त आम्हा दोघांना बसवलं. आधी जरा राग आला, फी पोरीसाठी भरतोय आणि प्रश्न आम्हाला. पण तास कसा गेला कळलं नाही. झोप कशी, जेवण कसं, ॲक्सिडेंटच्या आधी ही कशी होती, ताता गेल्याचं तिला कोणत्या शब्दांत सांगितलं. घरात कुणीतरी तिला 'ताता गावाला गेलेत' असं सांगून ठेवलेलं, ते मॅडमना आवडलं नाही, म्हणल्या मेले तर मेले म्हणूनच सांगायचं, साध्या शब्दांत, नाहीतर ती वाट बघत बसते आणि उद्या तुम्ही गावाला निघालात की घाबरते. आणि एक चांगलं केलं, घाबरवलं नाही. म्हणल्या पहिल्या महिन्यात बहुतेक मुलांना असं थोडंफार होतंच आणि बरीच आपली आपण सावरतात, तुमच्याकडं महिना उलटून गेलाय आणि कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय म्हणून काम करायचं. एका बैठकीत बरी करतो वगैरे काही नाही. या पद्धतीला ट्रॉमा फोकस्ड सीबीटी म्हणतात, म्हणजे बसलेल्या धक्क्याबद्दलचे विचार आणि वागणं हळूहळू बदलायची थेरपी, साधारण 12 ते 16 सेशन लागतात, आधी शरीर शांत करायला शिकवायचं, मग झालेली गोष्ट हळूहळू तिच्या तोंडून येऊ द्यायची, आणि आईबापानं बाहेर मोबाईल बघत बसायचं नाही, आत येऊन शिकायचं. हे शेवटचं मला जड गेलं, एमआयडीसीतनं शिफ्ट बदलून यायला लागायचं, पण ठीक आहे.

खेळायची खोली छान आहे. वाळूचा ट्रे, बाहुल्या, गाड्या, रंग. पोरीनं पहिल्यांदा गेल्या गेल्या ट्रक आणि मोटरसायकल उचलली आणि सुरू. घरी आम्ही गाड्या लपवायचो, मॅडमनी अडवलं नाही. बराच वेळ नुसत्या शेजारी बसल्या आणि मग हळूच विचारलं, "मग पुढं कोण आलं?" पोरगी थांबली. थोड्या वेळानं एक पांढरी गाडी घेतली, ॲम्ब्युलन्स म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा तो खेळ धडकेच्या पुढं गेला. मला हे सगळं नंतर सांगितलं तेव्हा वाटलं, एवढंच? पण घरी येऊन पण तिनं ॲम्ब्युलन्स मागितली, नवी पेठेतनं आणून दिली.

खरी गाठ सुटली ती पुढं एकदा. पोरीच्या डोक्यात बसलेलं की तिनं कुल्फी मागितली म्हणून ताता त्या रस्त्यानं वळले, म्हणजे सगळं तिच्यामुळं. आम्हाला घरात राहून पत्ता नाही. मॅडमनी तिच्याकडनं रस्त्याचं चित्र काढून घेतलं, ताता कुठं, ती कुठं, डंपर कुठं, आणि डंपर कोण चालवत होतं, ब्रेक कुणाच्या पायाखाली होता, एकेक विचारत गेल्या. 'तुझी चूक नाही बाळा' हे आयतं सांगितलं नाही, तिच्याकडनंच काढून घेतलं. या वयाची मुलं सगळं स्वतःवर ओढून घेतात म्हणे, आणि मोठ्यांना सांगत नाहीत कारण ओरडा बसेल. मिसेस तिथंच रडायला लागली, तिला पण बसू दिलं, तिचे वडील होते शेवटी.

भीतीवर काम पण पायरीपायरीनं. आधी बंद स्कूटीवर नुसतं बसायचं, मग इंजिन चालू करून, मग गल्लीतनं एक चक्कर, जबरदस्ती नाही, ती नको म्हणली की त्या दिवशी तिथंच थांबायचं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, आधी मॅडमनी स्वतःहून विचारलं, शोभेच्या दारूकामाला नेणार का? आम्ही दरवर्षी जातो होम मैदानावर. म्हणल्या न्या, पण आवाज होणार हे आधी सांगा, लांब उभं राहा आणि निघायचं ठरलं की लगेच निघा. फुग्यासारखा पोटात श्वास घ्यायचा हे शिकवलेलं, तिथं तिनंच मला शिकवलं. हॉर्नला अजून दचकते, खोटं कशाला सांगू, पण टेबलाखाली जात नाही. अंथरूण बहुतेक कोरडं.

आता तक्रार. काउंटर. नाव मोठ्यानं पुकारतात, वर "कशासाठी आलाव? ॲक्सिडेंटवालं ना?" हे भरल्या वेटिंगमध्ये. अहो, समोर दहा लोक बसलेत. वेळ पाचची दिली तर पावणेसहाला नंबर, तोवर पोरगी नखं खाऊन मोकळी. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि एक प्रकार तर फारच झाला. पोरगी शाळेचं सगळं मराठीत बोलते पण ताताबद्दल बोलायला लागली की तेलुगूत जाते, घरात तेच. मॅडमना तेलुगू येत नाही, म्हणून एकदा काउंटरच्या मुलीला आत बोलावलं सांगायला, ती आमच्याच भागातली! मी तिथंच नाही म्हणलं. मॅडमनी लगेच ऐकलं, पुढच्या वेळेपासनं तेवढ्या भागाला मिसेस आत बसते. पण ज्या गावात बरीच पोरं घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात तिथं असं सेंटर काढताना याचा विचार आधी नको का करायला?

फी एका सेशनची आठशे, सोलापूरच्या मानानं कमी नाही. मेडिक्लेमवाल्यांना विचारलं, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या असं आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच बसत नाही, म्हणजे कायदा कायद्याच्या जागी. विडीच्या कामावर घर चालतं तिथं हे परवडणार नाही हे मला कळतं, त्यांनी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढावा, गर्दी असते पण डॉक्टर असतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि अपघात नाही, पोरावर लैंगिक अत्याचार असं काही असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा, राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासनं आहे, त्यात पैशाची मदत आणि समुपदेशन दोन्ही बसतं.

दुसरीकडं कुठं जाणार असाल तर एकच विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवतात तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर दाखवा. काउन्सेलर अशी पाटी आजकाल कुणीही लावतं, एका पाटीखाली तर लग्न जुळवणं आणि मुलांची एकाग्रता दोन्ही लिहिलेलं बघितलंय मी. आमच्या मॅडमनी न विचारता भिंतीवर लावलाय.

जाणार असाल तर अपॉइंटमेंट फोनवर घ्या, व्हॉट्सॲपवर टाकलेलं कोण बघत नाही. शाळा सुटल्यावरची वेळ घेऊ नका, तेव्हा सगळी तिथंच कोंबलेली असतात, सहानंतरची मागा. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. आणि काउंटरवर कारण विचारलं तर सरळ सांगा, मॅडमना सांगतो.