उत्तर टांझानियाची सहा रात्रींची जीप सफारी: दोघांनी घ्यावी का?

अरुशा शहरातल्या बहुतेक सफारी कंपन्यांच्या यादीत हे पॅकेज सापडतं: सहा रात्री, खाजगी लँड क्रूझर, सोबत ड्रायव्हर-गाइड, आणि तरंगिरे, मन्यारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो ही वन्यप्राण्यांची चार ठिकाणं. हे परीक्षण त्या ठरीव पॅकेजचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही. निकाल आधीच सांगतो. नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर खाजगी गाडीवरचा पैसा पुरेपूर वसूल होतो, आलिशान तंबूवरचा होत नाही, आणि रात्रींची वाटणी बहुतेक आराखड्यांत चुकलेली असते.

आधी वाटणी. नेहमीचा आराखडा असा असतो: अरुशा एक, तरंगिरे एक, मन्यारा किंवा जवळचं करातू गाव एक, सेरेंगेटी दोन, न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराच्या काठावर एक. सेरेंगेटी 14,763 चौरस किलोमीटरचं. अरुशाहून त्याच्या मध्यभागी, म्हणजे सेरोनेराला, पोचायला रस्त्याने सात-आठ तास लागतात, कारण न्गोरोंगोरोच्या लोदुआरे गेटपर्यंतच डांबरी सडक आहे आणि पुढे मुरूम, धूळ, खडखडाट. एवढं हाडं खिळखिळी करून जायचं आणि तिथे मिळणार एकच पूर्ण दिवस! त्यामुळे मन्यारा सरळ कापा आणि ती रात्र सेरेंगेटीला द्या. मन्यारा वाईट नाही, पण हत्ती तरंगिरेत भरपूर दिसतात, आणि मन्याराचे झाडावर चढणारे सिंह दिसतीलच याची खात्री कोणी देत नाही. या बदलात तरंगिरे ते सेरोनेरा हा दिवस लांबलचक होतो. तो सकाळी सहाला निघून सोसावा लागतो.

दुसरा मुद्दा दरपत्रकात कुणी समजावून सांगत नाही, तो म्हणजे प्रवेशाच्या पासाचं घड्याळ. सेरेंगेटीचा पास 24 तासांचा असतो, दिवसाचा नव्हे. नाबी हिल गेटवर दुपारी एकला नोंद झाली, तर तीन पासांवर तिसऱ्या रात्रीनंतर दुपारी एकच्या आत त्याच गेटवर बाहेर पडल्याची नोंद व्हायला हवी. उशीर झाला तर आणखी एका दिवसाचं शुल्क. म्हणून पहिल्या दिवशी अकरालाच गेट गाठण्याची घाई फारशी कामाची नाही. जे दोन तास तेव्हा कमावता, तेच शेवटच्या सकाळी गमावता, आणि सकाळचे दोन तास दुपारच्या उन्हातल्या दोन तासांपेक्षा कितीतरी मोलाचे. बिबट्या भर दुपारी फांदीवर नुसता लोंबत पडलेला असतो.

न्गोरोंगोरोचंही तेच. सेरेंगेटीला जाता-येता रस्ता याच संरक्षित क्षेत्रातून जातो, त्यामुळे शुल्क दोनदा पडतं, एकदा जाताना नुसतं ओलांडण्याचं. परतताना नाबीवरून दुपारी आत आलात, काठावर मुक्काम केलात, सकाळी विवरात उतरलात आणि दुपारच्या त्याच वेळेपर्यंत लोदुआरेतून बाहेर पडलात, तर एका पासात सगळं बसतं. विवरात बाराच्या सुमारास गाइड अचानक गेंडा सोडून गाडी वर काढायला लागतो त्याचं कारण बहुधा हेच. मुक्काम काठावर न करता खाली करातूत केला तर तुम्ही एकदा बाहेर पडलेले असता, सकाळी पुन्हा नवा पास काढावा लागतो. करातूची खोली स्वस्त दिसते, ती हा हिशेब मांडेपर्यंत.

आता आकडे, मुख्य हंगामातले, करासहित आणि परदेशी प्रौढांसाठी. सेरेंगेटी माणशी 82.60 डॉलर दर 24 तासांना, शिवाय आतल्या लॉज-कँपमध्ये राहिलात तर माणशी रात्री 70.80. न्गोरोंगोरो माणशी 70.80. विवरात उतरण्याचे गाडीमागे 295. तरंगिरे माणशी 59. वर सुचवलेल्या आराखड्यात दोघांचे मिळून सुमारे 1,600 डॉलर निव्वळ सरकारी शुल्कात जातात. दर बदलले तर बहुधा जुलैत, नव्या आर्थिक वर्षापासून बदलतात, म्हणून सहलीच्या तारखेचे दर लिहून मागा. एखादं दरपत्रक यापेक्षा फारच स्वस्त दिसत असेल तर कुठला तरी आकडा गाळलेला असतो. बहुतेकदा ते विवराचे 295 असतात, किंवा 18 टक्के कर.

हे 295 गाडीमागे असल्याने सहा जणांच्या गटात माणशी पन्नासच्या आत येतात, दोघांत दीडशेला टेकतात. गाडी, इंधन आणि गाइडचा दिवसाचा साधारण दोनशे ते तीनशे डॉलरचा खर्चही दोघांतच वाटला जातो. तरीही सहाआसनी गाडीत इतरांबरोबर जागा घेण्याचा सल्ला देणार नाही. लांबवलेल्या लँड क्रूझरचं छप्पर वर उचललं जातं आणि सगळे उभे राहतात. सहा जण असले की प्रत्येक सिंहामागे कोपरं लागतात, आणि एकाला पक्षी, दुसऱ्याला चित्ता, तिसऱ्याला जेवण हवं असतं. तसं पाहिलं तर दोघांतही हेच होतं, पण तिथे तह करणं सोपं. एकाला फोटोसाठी तासभर थांबायचं असेल आणि दुसऱ्याला दहा मिनिटांत कंटाळा येत असेल, तर हे आरक्षणाआधीच बोलून घ्या आणि गाइडलाही पहिल्याच दिवशी सांगा. सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची, अशी विभागणी गाइड आनंदाने पाळतात. लघवीसाठी गाडी थांबवायला सांगण्याचा संकोचही परक्या चौघांसमोर जास्त होतो आणि मग लोक पाणीच पीत नाहीत. उन्हात आणि धुळीत ते महागात पडतं.

दुर्बिणी दोन घ्या. यावर काटकसर करू नका. एकच दुर्बीण असली की चित्ता धावतो तेव्हा ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते. 8×42 म्हणजे आठपटीची पुरेशी, कारण दहापटीची हलत्या गाडीत डगमगते. कॅमेऱ्याला 100–400 मिमीची लेन्स आणि छपराच्या कडेवर ठेवायला वाळूची किंवा दाण्यांची पिशवी. तिपाईचा गाडीत उपयोग नाही.

गाडीबद्दल कंपनीला नेमकं विचारा: इन्व्हर्टरचा सॉकेट चालतो का, फ्रीज आहे का, जादा चाकं दोन आहेत का, रेडिओ आहे का. पहिल्या सकाळी अरुशातच फोन चार्जिंगला लावून सॉकेट तपासा, कारण बिघाड सेरोनेरात कळला तर दुरुस्त करून घेणं अवघड जातं. इमारतींत ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे प्लग लागतात. सौरऊर्जेवरच्या कँपात तंबूत फक्त दिवे असू शकतात, चार्जिंग जेवणाच्या तंबूत.

मुक्कामाच्या बाबतीत नावापेक्षा नकाशा पाहा. ‘सेरेंगेटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर कँपचं नाव आणि सेरोनेरापासूनचं अंतर मागा. काही मुक्काम गेटच्या बाहेर असतात आणि रोजची सकाळ गेट गाठण्यातच जाते. हंगामी कँप तर वर्षात जागा बदलतात. जानेवारीअखेर ते मार्च वाईल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांची वीण दक्षिणेला न्डुटूच्या गवताळ मैदानांवर होते, तेव्हा तिकडे राहायचं. जुलैअखेर ते सप्टेंबर मारा नदी ओलांडणारे कळप पाहायचे तर उत्तरेला कोगातेंदेला, आणि तेव्हा तिथे किमान दोन रात्री हव्यात, म्हणजे या पॅकेजच्या सहा रात्री पुरत नाहीत. नदीकाठी कळप तासन्‌तास उभा राहून माघारी फिरू शकतो. एप्रिल-मे स्वस्त, पण तो मोठ्या पावसाचा काळ. काळ्या मातीत गाड्या रुततात आणि काही कँप बंद असतात. ज्यांना कळपांचं वेड नाही, सिंह-बिबट्यांत रस आहे, त्यांनी सेरोनेरा धरून बसावं, तिथे ते बारा महिने असतात. गाड्यांची गर्दीही तिथेच जास्त, हे मात्र खरं.

कापडी तंबू की पक्कं लॉज, हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवावा. बहुतेक कँपना कुंपण नसतं. रात्री तरस आणि सिंहांचा आवाज कापडातून थेट कानात येतो आणि अंधार पडल्यावर तंबूबाहेर रखवालदाराशिवाय पाऊल टाकायचं नसतं. हे एकाला स्वर्ग वाटेल, दुसरा रात्रभर डोळे टक्क उघडे ठेवून पडेल. अशा जोडीने सेरेंगेटीत तीन रात्री पक्क्या भिंतींत काढाव्यात, तंबू एक रात्र तरंगिरेत करून पाहावा. बादलीच्या शॉवरचं गरम पाणी सांगितल्यावर आणून ओततात, अंघोळ पटकन आटपावी लागते. विवराच्या काठावरचं लॉज निवडताना ‘सोपा’ (Sopa) नावाच्या लॉजचा विचार करा. ते पूर्व काठावर आहे आणि विवरात उतरणारा रस्ता त्याच्या जवळून जातो, त्यामुळे पहाटेची फिरफिर वाचते. काठ सुमारे 2,300 मीटर उंचीवर आहे. जून ते ऑगस्टमध्ये रात्री पारा दहाच्या खाली जातो, लोकरी टोपी लागते. विवराच्या तळाशी जिराफ नाहीत, ते शोधत बसू नका.

तरंगिरेत त्सेत्से माशा चावतात, आणि काळ्या-गडद निळ्या कपड्यांवर जास्त येतात. खाकी, मातकट रंग घ्या. हिवतापाची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर टांझानियात जून 2019 पासून बंदी आहे, सामानातून त्या काढून ठेवा. एखादा टप्पा छोट्या विमानाने करणार असाल तर माणशी साधारण 15 किलोची मर्यादा असते आणि चाकांची कडक बॅग चालत नाही.

फुग्यातली पहाटेची फेरी माणशी सहाशे डॉलरच्या आसपास पडते. दोघांच्या त्या पैशांत खाजगी गाडीचे चारेक दिवस निघतात, म्हणून आमच्या मते ती वगळावी. लग्नाचा वाढदिवस किंवा मधुचंद्र असेल तर आरक्षणाच्या वेळीच कळवा. काही लॉज सवलत देतात, पण त्यासाठी विवाह प्रमाणपत्राची प्रत मागतात, आणि पलंग जोडलेला हवा की वेगवेगळे हेही तेव्हाच लिहून द्या.

कंपनी निवडताना तिचा टाला, म्हणजे पर्यटन व्यवसायाचा सरकारी परवाना मागा आणि टाटो या सफारी कंपन्यांच्या संघटनेच्या यादीत नाव आहे का पाहा. गाइडची बक्षिसी किमतीत धरलेली नसते. दोघांच्या गाडीमागे दिवसाला वीस-पंचवीस डॉलर ही रूढ रक्कम आहे, ती शेवटच्या दिवशी पाकिटात द्यायची. नोटा नव्या आणि न फाटलेल्या हव्यात, जुन्या मालिकेचे डॉलर तिथे कोणी घेत नाही.