सोलापूरच्या शाळांवरचा शोधनिबंध कुठे पाठवायचा? मराठी त्रैमासिक, देशातलं इंग्रजी नियतकालिक की परदेशी जर्नल

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मी पहिल्यांदा उघडलं, तेव्हा नजर शेवटच्या रकान्यावर थांबली. ‘शाळा सोडल्याचे कारण’. त्याखाली एकाच वळणाच्या अक्षरात पानभर ‘सतत गैरहजर’, ‘सतत गैरहजर’, मध्ये कुठे तरी एखादं ‘परगावी’. मुलं आठ-नऊ वर्षांची, बहुतेक पद्मशाली विणकरांच्या घरची. या एका रकान्यावर मी पुढची चार वर्षं काम केलं. त्यातून दोन निबंध झाले, एक मराठीत आणि एक इंग्रजीत.

गेल्या महिन्यात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक बाई घरी आल्या. अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड शाळांवर त्यांचं काम आहे. १९४८पर्यंत अक्कलकोट संस्थान होतं, त्यामुळे तिथल्या शाळांचा इतिहास सोलापूर शहराहून वेगळा. पिशवीत शेरेबुकांच्या, म्हणजे शाळा तपासनिसांनी शेरे लिहिलेल्या वह्यांच्या, झेरॉक्स होत्या. “मॅडम, निबंध तयार आहे. कुठे पाठवू?” त्या दुपारी आम्ही जे बोललो तेच इथे जरा नीट मांडते, कारण हाच प्रश्न मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतात.

मी त्यांना आधी एकच गोष्ट करायला सांगितली: स्वतःच्या निबंधाच्या तळटिपा वाचून काढा. तुम्ही कोणाचं म्हणणं खोडता, कोणाच्या म्हणण्यात भर घालता, हे तिथे दिसतं. टिपांमध्ये १८८४चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, स्कूल बोर्डाचे अहवाल, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका आणि मराठी चरित्रं असतील, तर तुमचा वाद मराठी वाचकाशी आहे. मातृभाषेतलं शिक्षण, बालमजुरी, वसाहतकाळातल्या शाळा यांवर इतर देशांत झालेल्या अभ्यासाशी तुम्ही झटत असाल, तर वाचक तिकडे आहे. नियतकालिकाचं नाव आधी ठरवून निबंध त्यात बसवायला गेलं की दोन्हीकडचं जातं. हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

मराठी त्रैमासिकं

मराठीतली सगळी संशोधनपर नियतकालिकं एका जातीची नाहीत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१०ची. त्यांचं त्रैमासिक आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं ‘संशोधक’ यांची परंपरा कागदपत्रांची. नवं साधन सापडलं, ते वाचलं, त्याचा काळ ठरवला, अशा लेखनाला तिथे घर आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचा वाचक युक्तिवाद शोधतो. तुमच्याकडे एखाद्या शाळेचं अप्रकाशित दप्तर असेल तर पहिला गट, आणि त्या दप्तरावरून शिक्षण व जात याबद्दल काही म्हणायचं असेल तर दुसरा. पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे मागचे चार अंक हातात घेऊन वाचा. विद्यापीठाच्या किंवा एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून हे काम एका दिवसात होतं.

मराठीत छापण्याचा सर्वांत मोठा फायदा मला छापून झाल्यावर समजला. माझा निबंध आल्यावर साखर पेठेतल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. ते म्हणाले, “बाई, पोरं गैरहजर नव्हती, पोरं घरी कांड्या भरत होती. आम्हाला ठाऊक असायचं. तपासणी जवळ आली की नाव कमी करायचं, म्हणजे हजेरी बरी दिसते.” कांड्या भरणं म्हणजे विणकामासाठी कांड्यांवर सूत गुंडाळणं. माझ्या निबंधात मी ‘सतत गैरहजर’ हे गळतीचं कारण धरलं होतं. गुरुजींनी दाखवून दिलं की ते कारण मुलाचं नव्हतं, शाळेच्या सोयीचं होतं. लंडनमधला कोणताही तज्ज्ञ ही दुरुस्ती करू शकला नसता. त्यासाठी तो मजकूर साखर पेठेत वाचला जायला हवा होता.

अडचणीही आहेत. अंक दरवेळी वेळेवर निघतोच असं नाही. संपादन बहुधा दोन-तीन माणसांच्या खांद्यावर असतं, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो. टंकलेखन युनिकोडमध्ये हवं की श्रीलिपीत, हे आधी विचारा. एका फॉन्टमधून दुसऱ्यात जाताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ स्वतः मागून घ्या आणि आकडे मोठ्याने वाचून ताडून पाहा. तज्ज्ञ-परीक्षणाची, म्हणजे छापण्याआधी विषयातल्या जाणकारांकडून निबंध तपासून घेण्याची, पद्धत अंकात छापलेली आहे का, तेही बघा. पुढे नोकरीच्या मुलाखतीच्या वेळी तेच पान दाखवावं लागतं.

परदेशी जर्नल

शिक्षणाच्या इतिहासाला वाहिलेली जी नावं या क्षेत्रात सगळे घेतात, त्यात तीन येतात: ब्रिटनमधलं ‘हिस्ट्री ऑफ एज्युकेशन’ (१९७२पासून), अमेरिकेतलं ‘हिस्ट्री ऑफ एज्युकेशन क्वार्टर्ली’ (१९६१पासून) आणि बेल्जियममधल्या घेंट इथे १९६१मध्ये सुरू झालेलं ‘पेडागॉजिका हिस्टोरिका’. आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे की परदेशात छापायला लाखभर रुपये लागतात. वर्गणीवर चालणाऱ्या या जर्नलांमध्ये नेहमीच्या मार्गाने छापायला लेखकाला काही द्यावं लागत नाही. निबंध सगळ्यांना मोफत वाचायला खुला ठेवायचा असेल तरच शुल्काचा प्रश्न येतो, आणि तो पर्याय तुमच्या हातात असतो.

खरी किंमत मेहनतीची. माझा मराठी निबंध थेट पूर्व भागातल्या शाळेच्या दारातून सुरू होत होता. पद्मशाली कोण, तेलुगू शाळा सोलापुरात का, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. इंग्रजीत तेच सांगायला दोन पानं गेली: सोलापूर मुंबई इलाख्यात होतं, तेलंगणातून विणकर इथे येऊन स्थिरावले, शेजारी कन्नड मुलूख, म्हणून एकाच शहरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. मग १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार नगरपालिकांच्या आणि जिल्ह्यांच्या स्कूल बोर्डांकडे कसा गेला, ते सांगावं लागलं. एवढं झाल्यावर कुठे रजिस्टर उघडता आलं. सुरुवातीला हे मला जड गेलं. पण जे आपण गृहीत धरतो ते परक्याला समजावताना आपल्यालाच नव्याने दिसतं, हाही अनुभव आला. चार भाषांच्या शाळा ही सोलापूरकराला रोजची गोष्ट, म्हणून मराठी निबंधात मी त्यावर एक ओळही लिहिली नव्हती.

प्रक्रिया साधारण अशी: आधी संपादक चाळून पाहतात, आणि बरेच निबंध तिथूनच परत येतात. पुढे गेला तर लेखकाचं नाव झाकून दोन किंवा अधिक परीक्षकांकडे जातो. माझ्या एका परीक्षकाने एकच छोटा प्रश्न विचारला होता: हे कारण कोण लिहीत होतं? त्या प्रश्नासाठी मी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेले आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आठवडाभर बसले. शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांत पटसंख्या आणि सरासरी हजेरी असे दोन वेगळे आकडे असतात. पटावरून नावं कमी केली की हजेरीचं प्रमाण आपोआप सुधारतं. गुरुजी फोनवर जे बोलले होते, त्याचा अर्थ मला तिथे पुरता कळला. निबंध छापून यायला पाठवल्यापासून दीड वर्ष लागलं. तुम्हीही साधारण तेवढाच वेळ धरून चला.

एक गोष्ट आता सोपी झालीय. जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन वाचता येईल का ते पाहा. ज्या जर्नलचे ताजे अंक वाचले नाहीत, तिथे निबंध पाठवू नका.

देशातली इंग्रजी नियतकालिकं

यावर फार लिहीत नाही, कारण निवड तुलनेने सरळ आहे. निबंध आजच्या शिक्षणधोरणाशी बोलत असेल तर ‘कंटेम्पररी एज्युकेशन डायलॉग’. आर्थिक-सामाजिक इतिहासाचा कणा असेल तर ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’. ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’च्या विशेष लेखाला टिपा आणि तक्त्यांसह ८,००० शब्दांची मर्यादा आहे. त्याचा वाचक सगळ्या शाखांतला, म्हणून पहिल्या पानावर मुद्दा स्पष्ट हवा. इथे पद्मशाली कोण हे थोडक्यात भागतं, पण स्कूल बोर्ड म्हणजे काय हे सांगावंच लागतं.

पैसे घेऊन आठ दिवसांत छापणारे

हा चौथा रस्ता घेऊ नका. यात मी स्वतः फसलेय. नोकरीच्या सुरुवातीला एका चर्चासत्राच्या ‘विशेषांका’साठी १,८०० रुपये भरून निबंध दिला. दुसऱ्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं, परीक्षणाचा एक शब्दही आला नाही, प्रूफ आलं नाही. छापून आलं तेव्हा १८८४चं गॅझेटियर १९८४चं झालं होतं. दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. पुढे पीएचडीच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान काढलं. इतिहासाच्या माणसाला शंभर वर्षांच्या चुकीचा खुलासा करताना काय वाटतं, ते सांगायला नको.

आयएसएसएन क्रमांक असणं हा दर्जाचा पुरावा नव्हे. तो नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे आणि कोणालाही अर्ज करून मिळतो. ‘यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्य’ या शिक्क्यावरही जाऊ नका. यूजीसीने मे २०१८मध्ये आपल्या आधीच्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. नंतर आलेली यूजीसीचीच मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीसुद्धा फेब्रुवारी २०२५च्या सूचनेने बंद झाली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आहे. तरीही ‘केअर लिस्टेड’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिराती फिरतात. त्या पुढे पाठवूही नका.

घाई बहुतेकांना गुणांमुळे होते, म्हणून तो हिशेबही सांगते. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण आहेत, आणि कमाल ६. या हिशेबाने तीन चांगल्या निबंधांपुढे चौथा, पाचवा, दहावा विकत घेऊन छाननीत काहीच वाढत नाही. पीएचडीसाठीही नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा आणि जाहिरातीचा स्वतःचा नियम तेवढा वाचून घ्या.

आता एकच साहित्य दोन भाषांत वापरण्याबद्दल. तोच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं चुकीचं, मग भाषा वेगळी का असेना. मी मराठी निबंध छापून आल्यावर नवा प्रश्न घेऊन इंग्रजी निबंध लिहिला, आणि पहिल्याचा उल्लेख टिपेत व संपादकांना लिहिलेल्या पत्रात केला. सरळ भाषांतरच द्यायचं असेल तर दोन्ही संपादकांची लेखी परवानगी लागते. कोणत्याही भाषेत मुलांची नावं छापू नका. रजिस्टरात जात, जन्मतारीख, गाव सगळं असतं, आणि त्यांची नातवंडं इथेच राहतात.

अक्कलकोटच्या कामाच्या तळटिपा आम्ही दोघींनी मिळून वाचल्या. बत्तीसपैकी सव्वीस संस्थानी कागद आणि शेरेबुकांच्या होत्या. बाईंची मुलाखत सहा महिन्यांवर आहे, त्यामुळे परदेशी जर्नलचं उत्तर त्याआधी येण्याची शक्यता कमीच. निबंध कागदपत्रांना महत्त्व देणाऱ्या मराठी त्रैमासिकाकडे जाईल असं ठरलं. शेरेबुकांमधले काही शेरे कन्नडमध्ये आहेत, ते मूळ कन्नडमधून देवनागरीत लिहून खाली मराठी अर्थ द्यायचा, हेही ठरलं. इंग्रजी निबंधासाठी त्यांनी वहीत एक प्रश्न लिहून घेतला: संस्थानी तपासनीस कन्नड शाळेत शेरा मराठीत का लिहीत होता? त्याचं उत्तर अजून आम्हा दोघींकडे नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या पुराभिलेखागारात जाणार आहेत.