अंड्यातली पिल्लं आणि मूग सिंथेसायझर
जपानी संगीतकार इसाओ तोमिता यांची १९७५ची 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ही एलपी जुन्या बाजारातून आणली. मूळ रचना रशियन संगीतकार मुसॉर्ग्स्कीची, १८७४ची, पियानोसाठी. तोमितांच्या मूगवर, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या सिंथेसायझरवर, एका वेळी एकच स्वर निघायचा, म्हणून थरावर थर टेप करत त्यांनी अख्खा वाद्यवृंद उभा केला. केवढी चिकाटी! पण त्यातल्या अंड्यातल्या पिल्लांच्या नाचाच्या तुकड्यात निव्वळ धमाल: चिवचिवाट, मध्येच मागे लागलेलं मांजर. आमची मनी ताडकन उठून डाव्या स्पीकरमागे जाऊन बसली. आई म्हणाली, "हे शास्त्रीय?" शेवटचं 'कीव्हचं महाद्वार' मला जरा पुळचट वाटलं; पियानोवरचा दणका त्यात नाही. तबकडीवर ओरखडा आहे, तोही नेमका पिल्लांवर. सुई अडकली की मांजर बिचारं जागच्या जागी धावत राहतं.