जिल्हा परिषदेसमोरचं झेरॉक्सचं दुकान: टप्पा अनुदानाची फाइल करायची असेल तर

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात आठवी ते दहावीला गणित शिकवते. शाळा खासगी, पूर्वी ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे पगारासाठी सरकारी अनुदान कधीच न मिळणारी. 2009 साली शासनाने त्यातला ‘कायम’ काढला, तरी मी 2010 पासून संस्था देईल त्या मानधनावरच होते. टप्पा अनुदान म्हणजे सरकार आमच्या पगाराचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवत उचलतं. 6 फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने आम्ही त्यातल्या 20 टक्क्यांच्या टप्प्यावर आलो. म्हणजे मूळ वेतन 38,600 असेल, तर त्यातले 7,720. एवढ्यासाठीही आम्ही पेढे वाटले.

पण शाळेचं नाव यादीत आलं म्हणून पगार निघत नाही. वैयक्तिक मान्यता (आपल्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी) लागते, संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या यादीत) पद दिसावं लागतं आणि शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) नसेल तर पगारबिलात नावच चढत नाही. माझी फाइल दोनदा परत आली. एकदा बिंदुनामावलीचं, म्हणजे आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीचं, पान नव्हतं म्हणून, दुसऱ्यांदा बी.एड.च्या प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव आणि मान्यतेवर सासरचं म्हणून. त्यात आठ महिने गेले. शेवटी मुख्याध्यापकांनीच मला या दुकानात पाठवलं.

दुकान दहा बाय दहाचं. दोन कॉम्प्युटर, एक मोठं झेरॉक्स मशीन आणि भिंतीला लागून शासन निर्णयांच्या फायली, साल घालून लावलेल्या. दुकान चालवणाऱ्या काकांनी माझी फाइल मशीनच्या काचेवर ठेवली आणि पेन्सिल घेऊन पान न् पान वाचली. जिल्हा परिषदेच्या शिक्षण कार्यालयाने दोन खेपांत एकेक त्रुटी काढली होती. यांनी एका बैठकीत आणखी तीन काढल्या. म्हणाले, “मॅडम, नावबदलाला नुसतं प्रतिज्ञापत्र लावू नका, राजपत्राची प्रत लावा. नाहीतर तिसऱ्यांदा परत येईल.” मग अनुक्रमणिका टाइप केली, लाल शाईने पानांवर क्रमांक टाकले, तीन संच केले. एक माझ्या हातात दिला. “हा घरी ठेवा. आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.” तिसऱ्या खेपेला फाइल परत आली नाही.

झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग मिळून 640 रुपये झाले. दर भिंतीवर लिहिलेले आहेत. माझ्यासमोरच एका सरांनी विचारलं, “आत कुणाला काही द्यावं लागेल का?” काका म्हणाले, “इथे फक्त कागदाचे पैसे.” त्यानंतर मी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, सहा जणांना तिथे पाठवलं.

आणखी एक सांगते. मुंबई महापालिकेच्या शिक्षकांना दिवाळीला सानुग्रह अनुदान, म्हणजे बोनस, मिळतं. 2024 साली 29,000 रुपये मिळाले. ते वाचून माझी एक मैत्रीण तसाच अर्ज टाइप करून घ्यायला गेली. काकांनी अर्ज केलाच नाही. ते पैसे महापालिका स्वतःच्या अंदाजपत्रकातून देते, आपल्या पगाराचं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचं खातं, वेगळं, असं त्यांनी तिला बसवून समजावलं. टायपिंगचे पैसे सहज घेता आले असते.

आता गैरसोय. बसायला एकच बाक आहे. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झालं, वाढीव टप्पा ऑगस्टपासून लागू झाला, आणि त्या महिन्यात गर्दीमुळे मी दुकानात दोन तास उभी होते. शेजारी तान्हं बाळ घेतलेली एक शिक्षिकाही उभीच होती. पिण्याचं पाणी नाही. काका मोबाइलवर पाठवलेले कागद घेत नाहीत, मूळ कागद बघितल्याशिवाय काम करत नाहीत. त्यांचं कारण मला पटतं, पण आमच्या गावाहून एसटीने दोन तास लागतात आणि एक किरकोळ रजा जाते. निदान पहिली तपासणी तरी स्कॅनवरून करावी, असं मी त्यांना सांगून आले आहे.

मार्चमध्ये जाऊ नका. 31 तारखेच्या आत बिलं टाकायची धावपळ असते, तेव्हा त्यांना फाइल वाचायला सवड नसते आणि त्यांची खरी मदत तर वाचण्यातच आहे. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेनऊला पोहोचा. मूळ सेवापुस्तिका, नियुक्ती आदेश आणि मान्यतेचं पत्र बरोबर न्या, आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या.