आठ ट्रॅकचा रेकॉर्डर आणि बाउन्स: आठ महिने वापरल्यावर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी हा रेकॉर्डर घेतला होता, आता आठ महिने होतील. लॅपटॉप मुद्दाम नाही घेतला, कारण गाणी म्हणणार मावशी आणि तिच्या बरोबरीच्या बाया, त्यापण अमळनेरजवळ आमच्या गावात, म्हणजे मशीन पिशवीत टाकून तिथंच न्यायला लागणार. एका वेळी दोनच ट्रॅक (एकेका आवाजाची वेगळी नोंद) रेकॉर्ड होतात पण आमचं भागतं.

खरी अडचण ट्रॅक भरत आले की येते. डफ, ढोलकी, टाळ, पेटी, मागून म्हणणाऱ्या बायांचे दोन, झाले ना सहा. मग बाउन्स करायचं, म्हणजे हे सगळं मिसळून डाव्या-उजव्या दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि जुने मोकळे करायचे. पाच मिनिटांच्या गाण्याला पाच मिनिटंच लागतात, तेवढा वेळ हेडफोन लावून नीट ऐका, फार उपयोग होतो.

पहिल्या वेळी मी ते केलं नाही. रात्री हळू आवाजात लेव्हल (कोणता ट्रॅक किती मोठा) लावल्या, बाउन्स केलं आणि जागा हवी म्हणून मूळ ट्रॅक लगेच उडवले. सकाळी मावशीला ऐकवलं तर ती म्हणे, "मना आवाज कोठे गया रे भाऊ?" ढोलकीनं सगळं दाबून टाकलं होतं. कडवं संपताना ती शेवटचं अक्षर जरा खाली ओढते, तेच ऐकू येईना. एकदा मिसळलेलं परत सुटं होत नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला पुन्हा म्हणून घेतलं पण ते तसं नाही आलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

अजून एक, बाउन्स केलं म्हणजे मेमरी कार्डवर जागा झाली असं नसतं, उलट नवीन फाइल वाढते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला (म्हणजे सीडीच्या दर्जाला) एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ५ एमबी खातो, म्हणजे पाच मिनिटांचे आठ ट्रॅक २०० एमबीच्या वर, आणि माझ्या मशीनमध्ये अनडूसाठी ठेवलेले जुने टेकपण (आधी केलेली रेकॉर्डिंग) हाताने काढेपर्यंत तिथंच पडून असतात. म्हणून आता आधी यूएसबीने सगळे सुटे ट्रॅक कॉम्प्युटरवर, मग बाउन्स, मगच डिलीट.

लेव्हल कमीच ठेवा, सहा ट्रॅक एकत्र आले की बेरीज होऊन लाल दिवा लागतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) बाउन्सच्या आधी टाकू नका. आणि पंखा बंद करा, मे महिन्यात जीव जातो पण करा, नाहीतर प्रत्येक ट्रॅकमधली घरघर मिसळल्यावर चांगलीच मोठी होते. डफ-ढोलकी आधी मिसळली तर चालते, मावशीचा ट्रॅक मी शेवटपर्यंत सुटाच ठेवतो.

घेणार असाल तर दुकानात एक विचारून घ्या, बाउन्सला दोन ट्रॅक रिकामे लागतात का. माझ्यात लागतात, त्यामुळे सहा भरले की थांबावंच लागतं.