वागळे इस्टेटमधील बफिंगचा गाळा आणि माझ्या आरएक्स १००ची कव्हरे

या वर्षी जानेवारीत माझ्या १९९४ सालच्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलचे इंजिन पूर्ण उघडले, तेव्हा बोअर, पिस्टन आणि क्रँकचे काम मेकॅनिकने अंगावर घेतले. दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियम कव्हरांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्याने माझ्याकडेच सोडला. आधीच्या मालकाने त्या कव्हरांवर ब्रशने चंदेरी रंग फासला होता. तो रंग पोपडे धरून सुटू लागला होता आणि त्याखाली, विशेषतः गिअरच्या पायाजवळ, पांढरट खर चढली होती. ठाण्यात खाडीच्या वाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही जुन्या गाडीच्या ॲल्युमिनियमची हीच अवस्था होते. पुन्हा रंग मारणे स्वस्त पडले असते, पण मूळ धातू चकाकताना पाहायचा हट्ट धरून मी वागळे इस्टेटमधील एका बफिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकावर धातू चकाकवण्याच्या, गाळ्यावर गेलो. त्या गाळ्याचे हे परीक्षण आहे. तक्रारही लिहायची असल्यामुळे गाळ्याचे नाव मुद्दाम देत नाही.

गाळा लहान आहे. भिंतीला लागून तीन मोटरी, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चाके, एका कोपऱ्यात स्टीलच्या रेलिंगच्या नळ्यांचा ढीग आणि दुसऱ्या कोपऱ्यात देवघराच्या पितळी समया. मोटारसायकलचे काम हे त्यांच्यासाठी जोडकाम आहे, हे पहिल्याच भेटीत मालकांनी सरळ सांगून टाकले, आणि मला ते आवडले. कव्हर हातात घेऊन त्यांनी नखाने रंग खरवडला, उजेडात तिरके धरून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, हे कास्टिंग आहे, पातेलं नव्हे. जास्त खाल्लं की आतली भोकं वर येतील.” या एका वाक्यावर मी काम त्यांना द्यायचे ठरवले.

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. इंजिनाची कव्हरे दाबाखाली साच्यात ओतलेली असतात. अशा ओतकामात वरचा पातळ थर घट्ट असतो, तर त्याच्या खाली वायूचे बारीक बुडबुडे अडकलेले असू शकतात. हौसेने खोलवर घासत गेलो की आरसा मिळण्याऐवजी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे उघडी पडतात, आणि ती पुढे कितीही पॉलिश केले तरी बुजत नाहीत. शिवाय अशा मिश्रधातूंत सिलिकॉन बरेच असते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एडीसी १२ या मिश्रधातूत ते साधारण दहा ते बारा टक्के असते. त्यामुळे ओतीव कव्हराला पत्र्याच्या भांड्यासारखी पांढरीशुभ्र चमक येत नाही, किंचित करडी झाक राहतेच. ज्यांना हे ठाऊक नसते ते कारागिराशी उगाच भांडतात.

दर असे ठरले : क्लच कव्हर ४५० रुपये, मॅग्नेट कव्हर ४०० रुपये, पुढच्या फोर्कच्या खालच्या दोन नळ्या मिळून ६०० रुपये आणि ब्रेकच्या दोन प्लेटी ३०० रुपये. एकूण १,७५० रुपये. रंग काढण्याचे काम त्यांनी माझ्यावरच सोपवले, कारण रंग चाकावर गेला की तापून चिकट होतो आणि चाक बाद होते. ते घरी गॅलरीत पेंट रिमूव्हर लावून केले. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो असे कुणी सांगितले तर ऐकू नये. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खाते, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि कव्हर काळे पडते.

त्यानंतर एक पूर्ण सकाळ मी गाळ्यावर उभा राहून काम पाहिले. कारागिराने आधी चाकाला हात लावलाच नाही. ३२० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्याच्या बादलीत पुन्हा पुन्हा बुडवून, तो कव्हर आडवे घासत होता. मग ४०० नंबर उभा, मग ६०० पुन्हा आडवा. दिशा बदलण्याचे कारण विचारले, तर त्याने बोट ठेवून दाखवले : आडव्या रेघांमध्ये एक जरी उभी रेघ उरली, तरी ती आधीच्या जाड पेपरची आहे हे लगेच दिसते. पुढे चाकावर गेल्यावर ती रेघ जात नाही, उलट चमकून उठते. एका कव्हराला चाकावर वीस मिनिटे लागली असतील. पेपरवर मात्र दोन तास गेले.

चाकाचे कामही पाहण्यासारखे होते. मोटर मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांची आणि चाक आठ इंचांचे, म्हणजे चाकाची कडा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने पळत असते. कव्हराची कड चुकून चाकाच्या येणाऱ्या बाजूस लागली तर ते हातातून हिसकून भिंतीवर आपटते. म्हणून कारागीर ते चाकाच्या मध्याच्या खाली धरतो आणि कड नेहमी चाकापासून दूर जाईल असे फिरवतो. आधी सिसल या काथ्यासारख्या धाग्याचे खरबरीत चाक व त्यावर लावायची पॉलिशची तपकिरी वडी, नंतर सैल कापडी चाक व पांढरी वडी. घासताना धातूवर काळी, मेणचट साय येते. ती पाहून माझा जीव खालीवर झाला, पण त्याने चुन्याची पांढरी भुकटी टाकून जुन्या सुती कापडाने पुसले आणि त्या काळ्या साईखालून ट्यूबलाइटची सरळ रेघ कव्हरात उमटली.

गाळ्याची आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ॲल्युमिनियमची चाके वेगळी असून त्यांच्या आसावर लाल रंगाची खूण आहे. लोखंड घासलेल्या चाकावर ॲल्युमिनियम घेतले तर लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके दिसू लागतात. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते आणि लोखंडाच्या ठिणग्या तिला निमित्त पुरवतात. एवढी काळजी घेणाऱ्या मालकांनी कारागिरांना धड मास्क मात्र दिलेले नाहीत. तोंडाला रुमाल बांधलेला तो मुलगा पाहून मला अवघडल्यासारखे झाले, आणि मी ते मालकांना बोलूनही दाखवले.

आता तक्रार. चार दिवसांचे काम अकरा दिवसांनी मिळाले, त्याबद्दल मी फार बोलणार नाही. समया आधी घासल्या गेल्या असणार. खरी तक्रार क्लच कव्हराच्या आतल्या कडेची आहे. गॅस्केट, म्हणजे तेल गळू नये म्हणून सांध्यात घालायची पातळ पट्टी, जिथे बसते तो पृष्ठभाग सपाट आणि धारदार राहिला पाहिजे, हे मी देताना सांगितले होते, तरीही खालच्या दोन बोल्टांच्या मध्ये चाक कडेवरून घसरले आणि तिथली धार गोल झाली. इंजिन बांधून गिअर ऑइल भरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या जागी ओलसर रेघ दिसली. शेवटी कव्हर पुन्हा उतरवून, जाड काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पेपर पसरून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत मी तो पृष्ठभाग स्वतः सपाट केला. किकच्या शाफ्टचा ऑइल सील बसतो त्या खाचेतही काळी वडी साचलेली होती. ती रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढली नसती, तर तेलाबरोबर क्लचमध्ये गेली असती. मालकांनी चूक मान्य केली आणि १५० रुपये परत केले. पैशांपेक्षा, “आमच्याकडं गॅस्केटची कड झाकायची पद्धतच नाही, चूक आमची,” हे त्यांचे बोलणे मला जास्त पटले.

सिलिंडरच्या पंख्यांना, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या पात्यांना, पॉलिश करू नये असे मत मी आधीपासून बाळगून होतो आणि मालकांनीही ते काम घेतले नाही. चाक त्या फटींत जात नाही आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंख्यांना चमकेचा काडीचाही उपयोग नसतो. सिलिंडर हेडचा आतला घुमट मात्र मी घरीच हाताने चकाकवून घेतला. ही कल्पना कॅनडातील भाच्याची. तो यामाहाच्याच एका जुन्या टू-स्ट्रोक स्नोमोबाईलचे इंजिन बांधतो आहे. या कंपनीने १९६८ पासून २०२५ च्या मॉडेलपर्यंत बर्फावरच्या गाड्या बनवल्या. त्याच्या मते गुळगुळीत घुमटावर कार्बन कमी चिकटतो आणि चिकटला तरी सहज निघतो. मिठाचा त्रास त्यालाही आहे. गाडी ट्रेलरवरून नेताना रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल उडतो. आमच्याकडे तेच काम खाडी फुकट करते.

पावसाळा संपल्यावर आज कव्हरे कशी आहेत, हे सांगणे आवश्यक आहे. वरून पारदर्शक लॅकर मारू नका, असा सल्ला गाळ्यावरच मिळाला होता, कारण इंजिनाच्या उष्णतेने ते पिवळे पडते आणि एकदा कुठे सुटले की ओल त्याखाली शिरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा काढते. मी दर तीन आठवड्यांनी साधे गाडीचे मेण लावत गेलो. जुलैमध्ये दोन खेपा चुकल्या, तेव्हा मॅग्नेट कव्हराच्या खालच्या भागावर पांढुरके ठिपके आले. ते मेटल पॉलिशने दहा मिनिटांत गेले. फोर्कच्या नळ्या अजून जशाच्या तशा आहेत, आणि क्लच कव्हरावरील उठावाची अक्षरेही बोटाला स्पष्ट लागतात. चाकावर अक्षरे हमखास बोथट होतात, त्यामुळे या बाबतीत कारागिराच्या हाताला पूर्ण गुण द्यावे लागतील.

मित्राच्या गाडीची कव्हरे पुढच्या आठवड्यात मी याच गाळ्यावर नेणार आहे. या खेपेस मात्र गॅस्केटच्या बाजूला कव्हराच्या आकाराचे प्लायवूड कापून, बोल्टांनी आधीच आवळून नेणार आहे.