जोडीदारासाठी खास जेवण: आधी करून ठेवावं की दोघांनी मिळून?

मैत्रीण विचारत होती, नवऱ्यासाठी घरीच छान जेवण करायचंय. तो यायच्या आत सगळं तयार ठेवू की दोघं मिळून करू? मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी करण्यात दिवस जातो, पण संध्याकाळ मोकळी राहते. त्यासाठी मंद आचेवर शिजणारा रसदार पदार्थ निवडावा. आदल्या दिवशी केला की रात्रभरात मुरतो, चव वाढते. शिजल्यावर 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा आणि वाढताना नीट वाफ येईपर्यंत गरम करायचा. कुरकुरीत पदार्थ मात्र थांबत नाहीत, मऊ पडतात. ते या बेतात नकोतच.

मिळून करायचं तर अर्ध्या तासात होणारं काहीतरी हवं, कारण दोघंही भुकेले असतात. एकाने कांदा चिरायचा, दुसऱ्याने परतायचा. मधेच माझा जोडीदार चमच्यावर फुंकर घालून "मीठ बघ गं" म्हणत पुढे करतो, तो क्षण मला जेवणाहूनही जवळचा वाटतो. पण दुसऱ्याच्या हातचं चिरणं बघवत नसेल तर कुरबूर ठरलेली.

भांड्यांचं म्हणाल, तर पहिल्या बेतात ती आधीच घासून होतात. दुसऱ्यात सिंक भरलेलं राहतं.

जोडीदार थकून येणार असेल किंवा वाढदिवसाचं सरप्राइज असेल, तर आधीच करून ठेव. बरेच दिवस निवांत बोलणंच झालं नसेल, तर दोघांनी मिळून करा.